आठवं विमान

मामा गेल्याचं मामीने मला फोनवर सांगितलं, पण त्याआधी तिने विचारलं, "जेवलीस का तू?" मधली सुट्टी संपायला पाचेक मिनिटं होती, डबा पुढ्यात होता. मी म्हटलं, जेवतेच आहे, बोल. तर म्हणाली, "मग जेवून घे, नंतर सांगते." आता असं ऐकल्यावर कोणाच्या घशाखाली घास उतरतो! मी डब्याला झाकण लावलं आणि म्हटलं, मामी, काय झालं ते सांग. "तुझे मामा गेले... सकाळी दूध घेऊन आले, खुर्चीत बसले आणि गेले." सुरतेत नवागामला मी शिकवते त्या शाळेपासून डिंडोलीतलं मामांचं घर रिक्षाने फार लांब नाही. तेवढ्या वाटेत माझ्या मनात काय होतं ते खरं सांगायचं तर दुःख नव्हतं. एकच गोष्ट घोळत होती. वर्षभरापूर्वी मी त्या माणसाशी खोटं बोलले होते आणि आता ते त्यांना सांगून मोकळं व्हायची सोय उरली नव्हती. मामा गेल्याला दीड महिना होत आला. मला हळवं लिहिता येत नाही, जसं आठवतं तसं सांगते.

लोटनमामा म्हणजे माझ्या आईचे एकुलते भाऊ. तापीकाठच्या गावचे, जळगावकडचे. अठराव्या वर्षी हवाई दलात भरती झाले, म्हणून गावाला वाटायचं की हा विमान चालवतो. मामांनी विमान कधी चालवलं नाही, आणि बसण्याबद्दल विचारलं तर म्हणत, "माल चढवताना बसलो असेन, उडताना नाही." पंधरा वर्षं नोकरी करून बाहेर पडले तेव्हा अर्धं गाव सुरतेला यंत्रमागावर कामाला लागलेलं होतं, माझे वडीलही. मामा तिकडेच आले. कडोदऱ्याच्या एका कारखान्यात त्यांना मागावरून उतरलेलं कापड तपासायचं काम मिळालं आणि त्यांनी ते पंचवीस-सव्वीस वर्षं केलं. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं, त्यातला तुटलेला धागा, तेलाचा डाग, गाठ शोधायची, खडूने खूण करायची, आणि प्रत्येक ताक्याच्या चिठ्ठीवर लिहायचं. ताका म्हणजे कापडाची एक अखंड गुंडाळी.

या कामात मामा कुप्रसिद्ध होते. माल घाईचा असला की सेठ स्वतः टेबलापाशी यायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "पाटील, चाली जशे." चालून जाईल. मामा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "सेठ, मने जे देखायुं ते लख्युं." मला दिसलं ते मी लिहिलं, चालवायचं की नाही ते तुम्ही बघा. सेठ चिडायचा, मामांना काढून टाकायची भाषा करायचा, पण परगावचा मोठा व्यापारी माल घ्यायला आला की त्याला मामांच्याच चिठ्ठ्या दाखवायचा. घरी मात्र या सवयीचा जाच होता. माझ्यासाठी आलेलं पहिलं स्थळ बघायला आईने त्यांना नंदुरबारला पाठवलं. परत आले, पाय धुतले, पाटावर बसले आणि सांगितलं, "उंची पाच फूट सात. डाव्या भुवईवर व्रण. घरात खोल्या तीन." आई म्हणाली, अरे दादा, स्वभाव कसा आहे पोराचा? मामा म्हणाले, "तासाभरात स्वभाव कुठून दिसेल?" आईने कपाळावर हात मारला. "माले दिखनं ते सांगं, नही दिखनं ते कसं सांगू?" मामांचं हे अहिराणीतलं पालुपद आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. आम्ही त्यांची नक्कलही करायचो. असं का वागतो हा माणूस, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

मलाही ते कळलं ते शाळेमुळे. स्वातंत्र्यदिनाला कोणीतरी माजी सैनिक बोलवायचा होता, मी फुशारकीने म्हटलं, माझे मामा आहेत ना, एकाहत्तरच्या लढाईत होते. आणि मामांनी सरळ नाही म्हटलं. मी रुसले, बडबडले, "तुम्हाला कोणी गोळ्या झाडायला सांगत नाहीये, चार वाक्यं बोला," इथपर्यंत गेले. मामा तेव्हा गच्चीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "बस वं आठे, माझ्या शेजारी. पोरांना नाही सांगणार. तुला सांगतो." मग त्यांनी एका दिवसाची गोष्ट सांगितली. एकाच दिवसाची. सांगता सांगता टोपलीभर शेंगा संपल्या.

मामा तेव्हा विशीतले. कच्छच्या किनाऱ्यावर वाळूच्या एका टेकाडावर खड्डा खणून, भोवती वाळूची पोती रचून त्यात दोघं बसत. मामा आणि केरळचा एक रेडिओवाला, ज्याला सगळे कुट्टी म्हणायचे. काम एवढंच की आकाशात विमान दिसलं की मामांनी सांगायचं, कुट्टीने रेडिओवरून पुढे कळवायचं. सांगायचा क्रमही ठरलेला. किती, कुठून, किती उंच, आणि कोणाचं. शेवटच्या प्रश्नाला तीनच उत्तरं होती... आपलं, शत्रूचं, अनोळखी. पाठीमागे दीड-दोन मैलांवर बंदराचा धक्का होता, तिथे विमानांवर मारा करणाऱ्या तोफा होत्या, आणि त्या तोफांना स्वतःचे डोळे नव्हते असं मामा म्हणायचे. खड्ड्यातून जाईल तो शब्द त्यांचे डोळे.

त्या दिवशी पहाटेपासूनच मागच्या रस्त्यावरून लष्कराचे ट्रक उत्तरेला निघाले होते. मामांनी सत्तरपर्यंत मोजले आणि सोडून दिलं, कारण जमीन त्यांच्या वाट्याची नव्हती. उजाडल्यावर समुद्रात दोन मोठी जहाजं दिसली, मागे दोरखंडांनी बांधून लहान बोटी ओढत चाललेली. कुट्टी समुद्राकाठचा, तो म्हणाला, या बोटींना लांब जायचंय, तेल वाचवताहेत. मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र बघितला होता, त्यांना ते बैलगाडीला वासरू बांधून नेल्यासारखं वाटलं. दुपारपर्यंत जहाजं दिसेनाशी झाली. आणि वरून आपली विमानं, दोन-दोनच्या जोडीने, कानठळ्या बसवत पश्चिमेला गेली. दोन, दोन, दोन, दोन. मामांनी चारही वेळा सांगितलं, कुट्टीने चारही वेळा कळवलं. "वर, खाली, पाण्यात... तिन्हीकडे एकाच दिवशी निघालेले," मामा म्हणाले, "आणि आम्ही दोघं मधे, चहाच्या मगात वाळू पडू नये म्हणून वर हात धरून बसलेले." ते भीतीबद्दल बोलले नाहीत. मी विचारलंही, तर म्हणाले, वारा फार होता.

दुपारी विमानं परत येऊ लागली. दोन, दोन, दोन, मग एकटंच एक. गेली आठ, आली सात. मामांनी वहीत लिहिलं. पुढचा बराच वेळ आकाशात काही नव्हतं. मग ऊन उतरायला लागलं तेव्हा समुद्राच्या बाजूने, सूर्याच्या अगदी पोटातून, एक विमान आलं. खूप खालून, हळू, आणि त्याचा आकार मामांना कळेना. हे समजायला त्यांचं शिक्षण समजून घ्यावं लागतं. वर्गाच्या छताला दोऱ्यांनी लाकडी विमानं टांगलेली असायची, काळ्या रंगाची. खाली बाकावर बसून वर बघायचं, पाच मोजेपर्यंत नाव सांगायचं. मामा त्यात पहिले आले होते, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकले नसते. पण त्या सगळ्या लाकडी विमानांची चाकं पोटात मिटलेली होती. उडतं विमान तसंच असतं ना! समोरून येत होतं त्याच्या पोटाखाली चाकं लोंबत होती. वर्गात असा आकारच कधी टांगला नव्हता. कुट्टी म्हणाला, "आठवं असेल." मामा म्हणाले, असेल म्हणजे काय? दिसतंय का तुला? उन्हात खूण दिसत नव्हती, आकार ओळखीचा नव्हता, आणि नियम असा की ओळख पटली नाही तर तसं सांगायचं, अंदाज करायचा नाही. मामांनी सांगितलं... एक, पश्चिमेकडून, अगदी खाली, अनोळखी.

तोफा सुरू व्हायला मिनिटही लागलं नाही. विमान टेकाडावरून गेलं तेव्हा मामांनी मान वर केली आणि पंखाखाली आपला तिरंगी गोल बघितला. त्यांनी कुट्टीच्या हातातून रेडिओ ओढून घेतला आणि "आपलं, आपलं, आपलं" असं ओरडत राहिले. तोफा थांबल्या. विमान धूर सोडत पूर्वेला झाडांच्या मागे गेलं. धूर आधीपासूनचा होता की आत्ताचा, तेही त्यांना सांगता येत नव्हतं. नंतर स्फोटाचा आवाज आला नाही. पण वारा उलटा होता, तेव्हा आला असता तरी ऐकू आला नसता, हेही मामांनीच मला सांगितलं. संध्याकाळी रेडिओच्या बातम्यांत त्या दिवसाचा आढावा लागला. तिन्ही दलांनी काय काय केलं ते दोन-चार वाक्यांत आलं. मामा कान लावून बसले होते, पण आठव्या विमानाचं त्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी अधिकारी आला आणि म्हणाला, तू नियमाने वागलास, तुझं काही चुकलेलं नाही. विमानाचं पुढे काय झालं, ते मामांनी त्याला विचारलं नाही. नंतरही कोणाला विचारलं नाही. बदल्या झाल्या, नोकरी संपली, सुरत झाली, लग्न झालं. मी विचारलं, का नाही विचारलंत? एवढं पन्नास वर्षं डोक्यात घेऊन बसण्यापेक्षा एक पोस्टकार्ड टाकायचं! मामा म्हणाले, "विचारलं आणि पडलं असं निघालं, तर मग?" आणि शेंगांची टरफलं सुपात भरून खाली गेले.

त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही. गेल्या वर्षी सीमेवर तणाव वाढला तेव्हा आपल्याकडे संध्याकाळी भोंगे वाजवून दिवे घालवायची रंगीत तालीम झाली होती, आठवत असेल. साडेसातच्या सुमाराला मामीचा घाबरलेला फोन आला, लगेच ये. गच्चीवर अंधारात मामा कठड्याला धरून उभे होते. खाली सोसायटीत लोक मोबाइलवर चित्रण करत होते, हसत होते, कोणीतरी गुजरातीत ओरडत होतं की तिसऱ्या माळ्यावरचा दिवा बंद करा. आणि पंचाहत्तरीला आलेला हा माणूस पश्चिमेकडे तोंड करून हळूहळू म्हणत होता, "आपलं... आपलं... आपलं." मी खांद्याला हात लावला तर त्यांना कळलंच नाही. अंग लटलट कापत होतं. दिवे आले तसे ते भानावर आले, मला बघून म्हणाले, "शाळा सुटनी का वं?" मी हो म्हटलं. घरी येताना मला इतका राग आला होता, कोणाचा ते सांगता येणार नाही. त्या लाकडी विमानांचा म्हणा.

त्या आठवड्यात मी ठरवलं आणि रविवारी जाऊन सांगून टाकलं. मैत्रिणीचे सासरे पुण्याला आहेत, हवाई दलातून निवृत्त झालेले, त्यांनी जुने कागद बघून कळवलंय, असं सगळं मी रिक्षात जुळवून ठेवलं होतं. अशी मैत्रीण मला नाही. "मामा, ते विमान उतरलं. पायलट सुखरूप होता." मामा भाकरी खात होते. त्यांनी घास ताटात ठेवला. "कुठं उतरलं?" मी म्हटलं, ते नाही कळवलं. "कसं उतरलं?" मी वैतागून म्हटलं, कसं म्हणजे? उतरतात तसं, तिन्ही चाकांवर. मामांनी माझ्याकडे बघितलं. "तिन्ही चाकांवर?" मी म्हटलं, हो हो, तिन्ही. मग मामीकडे बघितलं, म्हणाले, "बरं झालं," आणि मामीकडे अजून ठेचा मागितला. मला वाटलं, पचलं. परतताना मी हलकी झाले होते, खोटं कशाला सांगू. ज्या माणसाने सेठसाठी एक धागा लपवला नाही, त्याला मी असं गंडवलं, याची टोचणी लागली ती पुढच्या आठवड्यात. लागली ती लागलीच. सुट्टीत सांगू, दिवाळीनंतर सांगू, असं करत वर्ष गेलं. मामा मात्र चांगले होते. गच्चीवर जायचे, पण कापायचे नाहीत. म्हणून मी गप्प बसले.

आणि मग गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे आमच्याकडे सुतक फिटतं त्या दिवशी, लोक जेवायला आले. कडोदऱ्याच्या कारखान्यातले एक म्हातारे मास्तर मला शोधत आले, हात जोडून म्हणाले, "पेला बेन तमे ज ने, जेणे प्लेन शोधी काढ्युं?" विमान शोधून काढलं त्या ताई तुम्हीच ना? कोणतं विमान, ते मला आधी समजेना. मग दूधवाला म्हणाला, औषधाच्या दुकानातला म्हणाला, खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. लोटन पाटलांचं विमान उतरलं होतं आणि ते त्यांच्या भाचीने, मास्तरणीने, शोधून काढलं होतं. मामांनी वर्षभर अख्ख्या डिंडोलीला हेच सांगितलं होतं. जो माणूस नवरदेवाच्या स्वतः न बघितलेल्या स्वभावाबद्दल एक शब्द बोलला नाही, तो माझ्या तोंडच्या बातमीवर विसंबून गावभर सांगत फिरला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंगतीत वाढता वाढता मी भाताचं पातेलं तसंच ठेवून मागे निघून गेले.

मामीला सांगायचं ठरवायला मला अजून महिना लागला. गेल्या रविवारी गच्चीवर ती गोधड्या वाळत घालत होती, तिथेच बोलले. मामी, मी मामांशी खोटं बोलले होते. कोणी सासरे नाहीत, कागद नाहीत, काही नाही. मामीने गोधडीचं टोक माझ्या हातात दिलं, पिळायला. म्हणाली, "माले माहित शे." मी विचारलं, तुला कसं? तर म्हणाली, "डावं चाक खाली आलंच नव्हतं ना त्या विमानाचं. उजवं आणि पुढचं, एवढीच दोन लोंबत होती. लग्न झाल्यापासून ऐकते आहे मी ते. तू म्हणालीस तिन्ही चाकांवर, तेव्हा मी ठेचा वाढत होते. यांनी माझ्याकडे बघितलं."

मग एवढंच विचारलं, की असं होतं तर सगळ्यांना का सांगत फिरले?

"तू गेल्यावर मला म्हणाले, पोर मन्हाकरता खोटं बोलनी, आता तिला एकटी पाडायची नाही."

"मला का नाही बोलले?"

"बोलले असते तर तुला कळलं असतं ना, की यांना कळलंय," मामी म्हणाली, आणि रिकामी बादली उचलून खाली गेली. मी गोधडी दोरीवर टाकली. कठड्याला दोन जागी रंग उडालाय, मामांची कोपरं तिथे टेकलेली असायची. मी तिथे उभी राहिले आणि पोटभर रडले.